सतरा नंबरची जागा

ब्रोकन ॲक्सच्या कॅम्पवर आलेला माणूस पहिल्या फेरीत कधी जागा घेत नाही. मातीच्या रस्त्यानं अठराच्या अठरा जागांपुढून आधी एक चक्कर, मग दुसरी, आणि दुसऱ्या चकरेत नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं. त्याला ओढ्याचा आवाज हवा, तिला संडास जवळ हवा, मागच्या सीटवरच्या पोरांना नुसतं खाली उतरायचं असतं. तेवढ्यात तिसरीच गाडी येऊन चांगली जागा पटकावते. मग ही दोघं तोंडं फुगवून कॅम्पच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जुन्या पांढऱ्या ट्रेलरपाशी येतात आणि म्हणतात, व्हर्ला, आता तूच सांग बाई.

व्हर्ला स्टोकी सांगायची. वय अडुसष्ट, अंगानं काटकुळी, डोक्यावर नवऱ्याची हॅट. आयडाहोच्या या सरकारी जंगलात ती सात उन्हाळे बिनपगारी राखणदारी करत होती. जागेच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सहा नंबरात मेलेलं पाइनचं झाड उभं आहे, वारं सुटलं तर तिथं तंबू नको. बारात सावली गार आहे, पण डास उचलून नेतील. आणि सतरा तर घेऊच नका.

आता सतरा बघितली तर कुणालाही वाटेल, हिला घ्यायची नाही तर कुठली घ्यायची? सगळ्यात टोकाला, सपाट, रुंद, हिरवंगार गवत, समोर बर्फाचं शिखर. पण ते गवत हिरवं का, हे कुणी विचारत नाही. लॉफ्टिस रँचची दीडशे काळी गुरं उन्हाळाभर वरच्या कुरणात चरतात आणि उजाडता उजाडता पाण्यावर उतरतात, ती बरोबर सतरामधून. गुरांची वाट आधीची, कॅम्प नंतरचा. व्हर्लानं स्वतःच्या हातानं तिथल्या खांबावर पाटी ठोकली होती: 'इथून गुरं जातात.' तरी कुणी अडून बसलंच, तर ती त्याला हाताला धरून शेण दाखवून आणायची. इतकी सरळ बाई.

पण सरळ माणसानं डूख धरला की तो सापालाही मागं टाकतो. व्हर्लानं आठ वर्षं धरला होता, आणि तो का, तेही ऐका.

तिचा नवरा ऑरिन याच लॉफ्टिसकडे तीस वर्षं घोड्यावरून गुरं राखत होता. लग्न झाल्यापासून दर ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून चार दिवस दोघांनी ब्रोकन ॲक्सच्या नऊ नंबरात काढलेले. नऊ म्हणजे ओढ्याच्या अगदी कुशीत, उशीखाली पाणी वाजतं अशी जागा. पुढं ऑरिनच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकात नळी आली, ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर आला. डॉक्टर काही स्पष्ट बोलत नव्हते, पण ऑरिन बोलला. म्हणाला, एकदा नऊमध्ये झोपव मला, मग कुठं न्यायचं तिथं ने.

त्या गुरुवारी सकाळी दोघं पोचली. नऊ रिकामी होती. व्हर्लानं भाड्याचं पाकीट भरून लोखंडी पेटीत टाकलं, त्याची चिठ्ठी जागेच्या खांबाला लावली, टेबलावर हिरव्या चौकड्यांचं कापड अंथरलं. ते तिनं घरी शिवलेलं होतं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांत ऑरिनच्या गळाची शिशाची वजनं शिवून टाकली होती. दोन खुर्च्या मांडल्या. आणि मग सिलिंडरची तोटी फुसफुसायला लागली. गाव, म्हणजे हॅडली, चाळीस मैल खाली. सिलिंडर बदलून जाऊन येऊन तीन तास लागले.

परत आली तर नऊमध्ये एक ट्रेलर उभा. मागं टांगलेल्या जादा चाकाच्या झाकणावर ट्राउट मासा रंगवलेला आणि खाली लिहिलेलं: 'पेटिग्रू मंडळी'. यांच्या खुर्च्या मिटून रस्त्याच्या कडेला टाकलेल्या, चिठ्ठी धुळीत. आणि आयत्या बिळातला नागोबा शेगडीपुढं उभा राहून मांस भाजतोय. व्हर्ला भांडली. पैसे भरलेत म्हणाली, नवरा आजारी आहे म्हणाली. त्यानं चिमट्यानं फळ्यावरच्या नियमाकडे बोट केलं. नुसतं सामान ठेवून जागा अडवता येत नाही, पहिल्या रात्री माणूस मुक्कामाला असावा लागतो. आता रात्र व्हायला सहा तास होते, नियम हिच्या बाजूचा होता. पण त्या साली कॅम्पला राखणदार नव्हता, मग न्याय कोण करणार? तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, “मॅडम, खुर्ची काही झोपत नाही.”

ऑरिन हॅट घालून गाडीतूनच बघत होता. व्हर्ला रडत येऊन बसली तेव्हा म्हणाला, चल, पुढच्या वर्षी येऊ. बाकी कॅम्प भरलेला होता. टेबलावरचं कापडही त्याच माणसाच्या डब्याबाटल्यांखाली राहून गेलं. ऑक्टोबरात ऑरिन गेला. पुढचं वर्ष आलं, तो आला नाही.

त्याच हिवाळ्यात व्हर्लानं राखणदारीचा अर्ज केला. का करता असं विचारलं, तर तिनं लिहिलं, लोकांच्या सेवेसाठी. लोक काय, देवासाठीही थांबतात; ही पेटिग्रूसाठी थांबली. या डोंगरात एकदा ज्याला ओढा आवडला तो परत येतोच, हे तिला ठाऊक होतं. सात उन्हाळे ती प्रत्येक ट्रेलरच्या मागच्या चाकाकडे बघत आली. एक वाक्य तिनं घोटून घोटून तयार ठेवलं होतं. कधी, कुठं म्हणायचं तेवढंच ठरायचं होतं.

तो आला ऑगस्टच्या पहिल्याच गुरुवारी, दुपारी. ट्रेलर नवा, आधीच्याच्या दीडपट लांब, पण चाकावरचं झाकण जुनंच, माशाचा रंग थोडा उडालेला. व्हर्ला पायरीवर बसून मटार सोलत होती. मटार तसेच राहिले.

ड्वेन पेटिग्रू खाली उतरला. लाल मान, पोट सुटलेलं, तब्येत ठणठणीत. हेच तिला आधी डसलं. हा माणूस खोकत तरी असेल असं आठ वर्षं तिला कुठंतरी वाटत होतं. त्यानं तिला ओळखलं नाही. स्वतःच्या हॅटला हात लावून गोड हसला आणि म्हणाला की ते आधी इथं येऊन गेलेत, नऊ नंबरात, अहाहा, काय जागा. मग बायकोनंच पुन्हा यायला नको म्हटलं, कारण विचारू नका, बायकांचं काही कळतं का. यंदा मात्र त्यानं ऐकलं नाही. नऊ मोकळी आहे ना?

जागा आठवते आणि माणूस आठवत नाही! व्हर्लाच्या डोक्यात तिडीक गेली. नऊ मोकळी होती. दर वर्षी या गुरुवारी ती नऊ झाडून घ्यायची, टेबल धुवायची आणि मग येईल त्याला देऊन टाकायची, कारण इथं जो आधी येईल त्याची जागा. याला नाही म्हणायचा तिला काही अधिकार नव्हता. हा माणूस आज पुन्हा नऊमध्ये झोपणार, ओढ्याचं पाणी याच्या उशीखाली वाजणार, आणि आपण सकाळी याचा कचरा उचलणार. छे. तसं झालं असतं तर तिनं त्याच संध्याकाळी हॅट काढून ओढ्यात टाकली असती.

तिनं मटाराचं भांडं बाजूला ठेवलं आणि त्याच्या ट्रेलरला एक फेरी घातली. अगदी सावकाश. मग म्हणाली की नऊ लहान पडेल, हा ऐवज तिथं मावायचा नाही. ते खरंच होतं. तो म्हणाला, तो सुईच्या नेढ्यातूनही मागं घेऊन दाखवेल. झालं, व्हर्लाला शेपटी सापडली.

“तसं असेल तर सतरा बघा,” ती म्हणाली. “सगळ्यात मोठी आहे. पण ती मी कुणालाही देत नाही. मागं घेणं जरा अवघड आहे हो. परवा एक रेंजरसुद्धा तीनदा चुकला.”

एवढं हरभऱ्याचं झाड पुरलं. ड्वेन चढला तो उतरलाच नाही. त्याची बायको नोरीन तोवर गाडीतच होती, बारीक, पांढऱ्या केसांची, ओठ मिटलेली. तिनं व्हर्लाच्या हॅटकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि मान खाली घातली.

ते जागांपुढून चक्कर मारायला गेले तसं व्हर्लानं हातोडी घेतली आणि झाडीतून आडव्या वाटेनं सतरा गाठली. पाटीचे दोन्ही खिळे उपसले आणि पाटी गवतात उलटी टाकली. सात वर्षांत कुणाला खोटी जागा सांगितली नव्हती. आज सांगितली, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची काडीचीही लाज वाटली नाही. लाज यायची असेल तर मागाहून येईल, असंच तिला वाटलं असेल.

आता ट्रेलर मागं घ्यायचा तर या मुलखात एकच पद्धत आहे. नवरा स्टिअरिंगवर बसतो आणि बायको मागं उभी राहून हात करते, डावीकडे, थोडं, थांब, अरे थांब म्हटलं ना. किती संसार त्यातच मोडलेत. नोरीन उतरून मागं गेली आणि गवतात थबकली. व्हर्ला दहा पावलांवर होती. नोरीनच्या पायाशी वाळलेलं शेण होतं. तिथून खुरांनी तुडवलेली वाट झाडीतून निघून ओढ्याकडे गेली होती. खांबावर दोन ताजी भोकं होती. नोरीननं तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ बघितल्या. मग मान वर करून व्हर्लाकडे बघितलं, आणि किती वेळ बघतच राहिली. व्हर्लाला वाटलं, संपलं. आता ही नवऱ्याला हाक मारणार, तो नऊमध्ये जाणार, आणि वर आपलीच तक्रार करणार.

नोरीननं हात वर केला. “ये मागं,” ती नवऱ्याला म्हणाली. “अजून ये. अजून. हां, इथं.”

ट्रेलर बरोबर वाटेच्या मधोमध उभा राहिला. ड्वेन खाली उतरून रेंजरच्या नावानं हसला. मग त्यानं बाजूचं कापडी छप्पर उघडलं, दिव्यांची माळ लावली, नवी शेगडी, चार खुर्च्या, सगळा संसार गवतात मांडला. नोरीननं पेटीतून एक कापड काढून टेबलावर टाकलं. कापड जड पडलं, चारी कोपरे टक टक वाजले. हिरव्या चौकड्या. व्हर्ला वळली आणि आपल्या ट्रेलरपर्यंत कशी पोचली ते तिचं तिलाच माहीत.

संध्याकाळी ऊन शिखरावर तेवढं उरलं तेव्हा नोरीन आली. काखेत कापड, धुवून इस्त्री केल्यासारखं घडी घातलेलं. पायरीवर ठेवलं आणि उभीच राहिली. व्हर्लानं बस म्हटलं नाही.

नोरीननं मग स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी गाडीत नळी लावलेला माणूस तिनं बघितला होता. रात्रभर ती नवऱ्याला म्हणत होती की जाऊन शोधू, परत बोलावू. तो घोरत होता. कापड तिनं टाकलं नाही, वापरलं, मुद्दाम वापरलं, दर जेवणाला त्याच्यापुढं अंथरलं, की कधीतरी विचारेल हे कुणाचं. आठ वर्षांत एकदा विचारलं नाही. उलट ते वाक्य त्याला इतकं आवडलं की तो ते घरीदारी फेकू लागला. तिची आई गेली तेव्हा भाऊ येईपर्यंत पुढच्या रांगेत तिनं पर्स ठेवली होती, तर तिथंही हसून बोलला, खुर्ची झोपत नाही.

“तुमचे ते?” तिनं विचारलं.

“त्याच ऑक्टोबरात,” व्हर्ला म्हणाली.

नोरीननं डोळे पुसले आणि अगदी कामाचं बोलावं तसं विचारलं, “गुरं किती वाजता येतात?”

“साडेपाचला.”

नोरीनची नजर दारापाशी गेली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून व्हर्लानं एक पिवळट ठोकळा लावून ठेवला होता, मधोमध खोल चाटलेला. गुरांना चाटायला ठेवतात ते मीठ. ऑरिनच्या घोड्यावरून कुरणात गेलेला शेवटचा ठोकळा, अर्धा उरलेला, तिला टाकवला नव्हता.

“माझा बाप गुरंच राखायचा,” नोरीन म्हणाली. “हा तिकडं शेगडीखाली ठेवला, तर?”

“तर पाचलाच येतील. आणि लवकर जायची नाहीत.”

नोरीननं वाकून ठोकळा उचलला, कापड आणलं होतं त्याच काखेत मारला, आणि म्हणाली की ती पावणेपाचला कॉफी प्यायला येईल, चालेल ना. व्हर्लाला हसू आलं. बोचकारणारं, दुष्ट हसू, पण हसू. ऑरिन गेल्यापासून पहिलं. चालेल, ती म्हणाली, साखर नाही माझ्याकडे.

सकाळी दोघी व्हर्लाच्या टेबलाशी बसल्या होत्या. टेबलावर हिरवं कापड, त्यावर दोन कप. ऑरिनची खुर्ची व्हर्लानं नोरीनला दिली नाही, तिला बाकड्यावर बसवलं. एवढ्यावर तिचं मन अजून आलं नव्हतं. आधी झाडीत फांद्या मोडल्या. मग एक हंबरडा, मग पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज, मग शेगडी पडली. गाईला राग नसतो. तिला पाणी हवं असतं, मीठ हवं असतं आणि अंग खाजवायला कोपरा हवा असतो. नव्या ट्रेलरला कोपरे पुष्कळ. फर्रकन मोठं कापड फाटलं तेव्हा नोरीन म्हणाली, छप्पर गेलं, आणि कपात फुंकर मारली. त्यानंतर ड्वेनचा आवाज सबंध कॅम्पभर ऐकू आला. बाकीच्या जागांतले लोक तंबूतून डोकी काढून बघू लागले. घाबरून जावं असं काही नव्हतं. लांब आतल्या चड्डीतला एक माणूस झाडणी फिरवत होता आणि एक वासरू दिव्यांची माळ चघळत होतं.

तो धावत आला. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला शेण. व्हर्लापुढं उभा राहून ओरडला की तिनंच ही जागा चांगली म्हटली होती, तिची नोकरी घालवीन, ताबडतोब गुरं हाकल. “जागा माझी आहे! पैसे भरलेत मी. खुर्च्या मांडल्यात.”

आठ वर्षं घोटलेलं वाक्य. व्हर्लानं कप खाली ठेवला. आवाज चढवायची गरजच पडली नाही.

“खुर्ची काही झोपत नाही, मिस्टर पेटिग्रू. गुरं मात्र रोजची आहेत.”

स्वतःचंच वाक्य स्वतःच्या तोंडावर आदळल्यावर माणूस जरा थांबतोच. त्यानं बायकोकडे बघितलं, ती तिथं कशी हे त्याला कळेना. मग कापडाकडे. “हा आपला टेबलक्लॉथ ना?”

“आपला कधीच नव्हता,” नोरीन म्हणाली.

मग त्याला व्हर्लाच्या डोक्यावरची ती हॅट नीट दिसली. धुळीतली चिठ्ठी, गाडीच्या काचेमागचा माणूस, सगळं एकेक करून त्याच्या चेहऱ्यावर येताना व्हर्लानं बघितलं. अगदी डोळे भरून बघितलं. इतकी वर्षं तिला त्याचा ट्रेलर मोडायचा नव्हताच. तिला हे बघायचं होतं.

“तो माणूस,” ड्वेन हळू म्हणाला. “बरा झाला का?”

उत्तर नोरीननं दिलं, आणि पुढं म्हणाली की जा, सामान आवर, कॉफी संपली की येते. तो गेला. माफी मागायला त्याची जीभ वळली नाही, आणि वळली असती तरी व्हर्लानं ती घेतली नसती. दहाच्या सुमाराला फाटकं छप्पर गुंडाळून पेटिग्रू मंडळी डोंगर उतरली. जाताना नोरीननं काच खाली केली आणि व्हर्लाकडे बघितलं.

व्हर्लानं सतराच्या खांबावर पाटी पुन्हा ठोकली. मग पाकीट भरलं, लोखंडी पेटीत टाकलं आणि चिठ्ठी नऊच्या खांबाला लावली. राखणदारानं स्वतःसाठी जागा घ्यायची नाही असा नियम आहे, तो तिला पाठ होता. टेबलावर हिरवं कापड अंथरलं. दोन खुर्च्या ओढ्याकडे तोंड करून मांडल्या आणि एकीत बसली. राग गेला होता असं नाही. पण तो आता नुसता राग होता, त्यात वाट बघणं नव्हतं, आणि वाट बघणं संपल्यावर तिला ऑरिनची इतकी आठवण आली की श्वास पुरेना.

दुपारी एक तरुण जोडपं दुसऱ्या चकरेला नऊपुढं थांबलं. मुलगी उतरून आली आणि भीतभीत विचारलं की जागा घेतलेली आहे का, कारण एक खुर्ची तर रिकामीच दिसते.

“घेतलेली आहे,” व्हर्ला म्हणाली. “आम्ही दोघं आहोत.”

मग ती उठली आणि त्यांना पाच नंबर दाखवायला गेली, तिथं सकाळचं ऊन लवकर येतं.